म्हशीची पोटफुगी आणि आबांची कापलेली शीर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बागायती गावातला गोठा. पाच म्हशी, दोन संकरित गाई, घरचा ऊस, वैरणीपुरता मका. रोजचं काम मुलगा बघतो, पण जनावर ठेवायचं की विकायचं हे त्याच्या वडिलांना, म्हणजे आबांना, विचारल्याशिवाय ठरत नाही. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत; आजार, तपासण्या आणि निर्णय यांचा क्रम तसाच ठेवला आहे.

म्हैस मुऱ्हा, तिसऱ्या वेताची. व्यायल्यावर दोन्ही वेळचं मिळून बारा लिटरच्या आसपास दूध देत होती. दोन महिने सरले आणि दूध उतरायला लागलं. पेंडीला तोंड लावेना, कडबाकुट्टी हुंगून सोडून द्यायची, शेण कमी आणि चिकट झालं. मधूनमधून डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खोलगट भाग, फुगायची. गावातल्या डॉक्टरांनी नळी घालून वायू काढला, तेल पाजलं, पाचक पावडर दिली. त्या रात्रीपुरती म्हैस मोकळी व्हायची आणि एक-दोन दिवसांत पुन्हा फुगायची. आमच्याकडे आली तेव्हा दूध तीन लिटरवर होतं आणि बरगड्या मोजता येत होत्या.

या घरात पोटाचा आणखी एक जुना रुग्ण आहे. आबांना तिशीत जठरव्रण झाला होता. १९८०च्या दशकात आपल्याकडे त्यावरचं ठरलेलं ऑपरेशन म्हणजे मेंदूकडून जठराकडे जाणारी व्हेगस चेता (नस) कापायची आणि जठराला थेट लहान आतडं जोडून द्यायचं. खेडोपाडी अशी ऑपरेशन झालेली माणसं अजून भेटतात. पोटावर मधोमध उभा व्रण असतो आणि ‘शीर कापलीय’ असं ते स्वतःच सांगतात. आबांचा हा इतिहास मी केवळ रंगत म्हणून सांगत नाही. म्हशीवर काय करायचं या चर्चेत तो मधोमध येऊन बसला.

अडचण नेमकी काय होती

नळी घातली की वायू भसकन बाहेर यायचा. म्हणजे फेसाळ पोटफुगी नव्हती. वायू वर साठत होता, पण म्हैस तो ढेकरेने काढू शकत नव्हती. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात (पोटाच्या चार कप्प्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा) तासाला तीस ते पन्नास लिटरपर्यंत वायू तयार होऊ शकतो. त्यामुळे ढेकर हा तिथे शिष्टाचाराचा प्रश्न नसून जगण्या-मरण्याचा असतो.

मागून पाहिलं तर डावी बाजू वरून खालपर्यंत भरलेली आणि उजवी बाजू फक्त खाली ओघळलेली दिसत होती. डाव्या भकाळीवर कान लावला तर आकुंचनाचा आवाज नीट येत नव्हता, पण कातडीखाली लाट मात्र वारंवार सरकताना दिसत होती. निरोगी जनावरात मिनिटाला एक-दोन दमदार आकुंचनं येतात. इथे संख्या जास्त आणि जोर नाही. आतला चारा पातळ, ढवळून निघालेला. पुढे मात्र सरकत नव्हता.

शंकेच्या यादीत तीन गोष्टी होत्या. पहिली, पोटात तार. विचारल्यावर मुलाने सांगितलं की पावसाळ्याआधी गोठ्याचं नवं छत घातलं होतं आणि सळया बांधायच्या तारेचे तुकडे आवारात बरेच दिवस पडून होते. दुसरी, छातीच्या पडद्याला भोक पडून जाळीपोट (दुसरा कप्पा) छातीत शिरणं. हा आजार गाईपेक्षा म्हशीत जास्त दिसतो आणि व्यायल्यानंतरच्या काळात उघडा पडतो. तिसरी, व्हेगसची अपचनव्याधी, म्हणजे या चेतेच्या बिघाडाने पोटाची हालचाल बिघडणं. तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात, कारण तिसरी बहुतेक वेळा पहिलीतूनच येते.

गावातल्या डॉक्टरांनी तोवर मेटोक्लोप्रमाइडची इंजेक्शनं देऊन पाहिली होती. माणसाचं जठर हलेनासं झालं, मधुमेहात होतं तसं, तर हे औषध देतात. म्हशीला त्याचा काही उपयोग झाला नव्हता. आणि याच बिंदूवर आबांनी तो प्रश्न विचारला:

“डॉक्टर, तुम्ही म्हणताय हिची शीर दुखावली असंल. माझी तर कापूनच टाकलीया. चाळीस वर्सं झाली, मी जेवतोय, हिंडतोय. मग हिला एवढं काय झालं?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर देता येत नसेल तर पुढचा खर्च त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

एकच चेता, दोन वेगळी पोटं

माणसात आणि म्हशीत व्हेगस एकाच ठिकाणाहून निघते: मेंदूच्या देठाशी, लंबमज्जेतून. मानेतून, छातीतून अन्ननलिकेला बिलगून खाली येते आणि छातीच्या पडद्यातून पोटात उतरते. इथपर्यंत साम्य आहे. अन्ननलिकेभोवती मात्र मांडणी बदलते.

गर्भावस्थेत माणसाचं जठर स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे डावी व्हेगस पुढे येते आणि उजवी मागे जाते. पुढचं खोड जठराच्या पुढच्या भिंतीला आणि यकृताकडे फांद्या देतं. मागचं खोड मागच्या भिंतीला आणि तिथून पुढे आतड्यांच्या चेताजालाकडे. जठराच्या आखूड कडेने खाली उतरणाऱ्या फांदीची टोकं जठराच्या निमुळत्या तोंडाजवळ पसरतात. तिला सर्जन कावळ्याचा पाय म्हणतात. नंतरच्या काळात हा पाय राखून वरच्याच फांद्या कापायची पद्धत आली, कारण तो कापला की जठर रिकामं होणं मंदावतं.

म्हशीत, गाईत, शेळी-मेंढीत प्रत्येक बाजूची व्हेगस छातीतच दुभंगते. दोन्ही बाजूंच्या वरच्या फांद्या मिळून पाठीकडचं खोड होतं, खालच्या मिळून पोटाकडचं. त्यामुळे मानेत एका बाजूची चेता दुखावली तरी दोन्ही खोडांना दुसऱ्या बाजूचे तंतू मिळत राहतात. पाठीकडचं खोड मुख्यतः कोटीपोट सांभाळतं आणि इतर कप्प्यांनाही फांद्या देतं. पोटाकडचं खोड जाळीपोट, पडदेपोट आणि चौथं, म्हणजे खरं पोट, यांच्याकडे जातं. जाळीपोटात रुतलेली तार पुढे, हृदयाच्या दिशेने सरकते ही गोष्ट शेतकऱ्यांना माहीत असते. ती उजवीकडे, आतल्या भिंतीकडे वळली की या फांद्यांच्या दारात पोचते, हे कमी जणांना ठाऊक असतं.

मांडणीतला हा फरक परीक्षेत विचारतात. आबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दुसऱ्या फरकात आहे.

माणसाच्या जठराच्या भिंतीत स्वतःचं चेताजाल आहे आणि स्वतःच ताल धरणाऱ्या पेशीही आहेत. जठराच्या फुगीर कडेवरून मिनिटाला साधारण तीन विद्युतलहरी निघतात. कुत्र्यात त्या पाचच्या आसपास असतात. हा ताल मेंदूकडून येत नाही. व्हेगस तो कमी-जास्त करते, आम्ल वाढवते, घास आला की जठराचा वरचा भाग सैल करते. ती तोडली तरी ताल चालू राहतो. जाते ती सफाई: वरचा भाग सैल होत नाही म्हणून लवकर पोट भरतं, घट्ट अन्न अडून राहतं, पातळ पदार्थ घाईने निसटतात. म्हणून तर सर्जन जठराला आतड्याची दुसरी वाट काढून देतात.

म्हशीच्या पहिल्या दोन कप्प्यांत असा स्वतंत्र ताल नाही. जाळीपोट आकसतं, पाठोपाठ कोटीपोटावरून लाट जाते, त्यानंतर दुसरी लाट वायू पुढे ढकलते आणि ढेकर येते. हा सगळा क्रम लंबमज्जेतल्या केंद्रात रचला जातो आणि दर वेळी व्हेगसमधून खाली येतो. दोन्ही खोडं तोडली की क्रम थांबतो. भिंतीत हलकी स्थानिक हालचाल उरते, पण तिने शंभर लिटरहून जास्त ऐवज ढवळला जात नाही आणि पुढेही सरकत नाही. चौथं पोट मात्र आपल्या जठराचा भाऊ. ते व्हेगसशिवायही थोडंफार हलतं.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा फरक दोन खंडांत जवळजवळ एकाच वेळी दिसला. १९४०मध्ये स्वीडनचे पशुवैद्य स्वेन होफ्लुंड यांनी गुरांमध्ये व्हेगसच्या वेगवेगळ्या फांद्या कापून काय होतं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटफुगी, अडकलेला चारा, खंगणारं जनावर हे चित्र आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. १९४३मध्ये शिकागोत सर्जन लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठरव्रणाच्या रुग्णात तीच चेता कापली, आणि पुढची तीन-चार दशकं ते उपचाराचं प्रमुख साधन ठरलं. एकाने आजार निर्माण करण्यासाठी जे केलं, तेच दुसऱ्याने आजार बरा करण्यासाठी केलं. ड्रॅगस्टेडच्या मागे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग होते. कुत्र्याचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं, म्हणून ते निष्कर्ष माणसाला लागू पडले. ते प्रयोग मेंढीवर झाले असते तर व्हेगस कापायचं धाडस कुणी केलं असतं का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आबांना हे मी मोटारीच्या भाषेत सांगितलं. तुमचं पोट म्हणजे डिझेल इंजिनवरचा पंप. वायर तोडली तरी इंजिन चालतं, फक्त वेग हातात राहत नाही. म्हशीचं कोटीपोट विजेच्या मोटारीवर आहे. डीपीवरून लाइन आली नाही की पाणी बंद. आबा हसले आणि म्हणाले, “म्हंजी मला भाकरी अर्धीच जाती ती यामुळं व्हय.” त्यांनी चाळीस वर्षं थोडं थोडं, पाच वेळा खाऊन काढली होती. ‘मी जेवतोय’ या वाक्यात ते आलं नव्हतं.

समोरचे पर्याय

म्हैस विकून टाकणं हा पहिला पर्याय मुलाच्या मनात होता. खंगलेल्या, फुगणाऱ्या म्हशीला किंमत येत नाही, आणि आजार लपवून विकायला आबा तयार नव्हते.

दुसरा पर्याय औषधांचा. निओस्टिग्मिनने हालचाल वाढते, पण चेता शाबूत असेल तरच. कार्बाकोलने भिंत आखडते, पण ती आकुंचनं विस्कळीत असतात. चारा पुढे ढकलण्याच्या कामाची नसतात आणि आत तार असेल तर धोक्याची. एरिथ्रोमायसिन माणसात जठर रिकामं करायला मदत करतं आणि गुरांत चौथ्या पोटावरही ते चालतं. दोष चौथ्या पोटात असता तर त्याचा विचार केला असता. पण मग दोष कुठे आहे हे आधी शोधायला हवं होतं.

तिसरा, डाव्या भकाळीत कायमचं छिद्र ठेवून वायूला वाट देणं. आबांना हा पटकन समजला, कारण त्यांच्या पोटातही सर्जनने एक जादा वाट काढलेली होती. मात्र त्यांच्या जठरातून त्या वाटेने अन्न पुढे जातं. भकाळीतल्या छिद्रातून फक्त वायू जातो. चारा जागीच राहतो. नुसती ढेकर बंद असेल आणि बाकी सगळं नीट चालत असेल तिथेच हा उपाय खरा.

चौथा, कोटीपोट उघडून आत हात घालणं. यात निदानही होतं आणि उपचारही. पण खोड खरोखर मेलेलं असेल तर ऑपरेशन करून फक्त खर्च आणि वेदना वाढतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी कॉलेजच्या वर्गात घाईत निघून जाते. ‘व्हेगस अपचन’ या नावाने सगळा ठपका चेतेवर येतो. प्रत्यक्षात अशा अनेक जनावरांच्या शवविच्छेदनात चेतेची खोडं ठीकठाक सापडतात. सापडतात ते जाळीपोटाच्या आतल्या भिंतीला आलेले चिकट पदर किंवा गळू. व्हेगसमधले बहुसंख्य तंतू, साधारण ऐंशी टक्के, हुकूम खाली आणत नाहीत. ते भिंतीची खबर वर नेतात. आणि भिंत किती ताणली आहे हे कळवणारी चेतांची टोकं जाळीपोटाच्या त्याच आतल्या भिंतीत दाट असतात. भिंत बाजूच्या अवयवांना चिकटून ताठ झाली की खबर चुकीची जाते, केंद्र चुकीचे हुकूम सोडतं. वारंवार येणारी, जोर नसलेली ती लाट अशीच येत असावी असं मानलं जातं.

म्हणजे खरा प्रश्न ‘शीर गेली का?’ हा नव्हता. शीर गेली आहे, की भिंत बांधली गेली आहे, हा होता. पहिल्याला इलाज नाही. दुसऱ्याला कधीकधी असतो.

निदान कसं पुढे सरकलं

नाडी मिनिटाला ३८ होती. पुस्तकं गाईबद्दल बोलतात आणि इतके कमी ठोके म्हणजे व्हेगस चिडलेली असं सुचवतात. पण म्हशीचे ठोके मुळातच गाईपेक्षा कमी असतात, आणि उपाशी जनावराचे आणखी उतरतात. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचा आग्रह होता की अॅट्रोपीनची (व्हेगसचा हृदयावरचा आवर काढणारं औषध) चाचणी करावी: कातडीखाली इंजेक्शन द्यायचं आणि पाव तासात ठोके वाढतात का पाहायचं. वाढले तर मंद गती व्हेगसमुळे होती हे कळतं. माझं म्हणणं होतं की फुगलेल्या जनावराचं पोट अॅट्रोपीनने आणखी थंडावेल. शेवटी आधी नळीने वायू काढून चाचणी केली. ठोके पन्नाशीपार गेले. त्यातून व्हेगसचा जोर वाढलेला आहे एवढं कळलं. तो तारेने वाढला, उपाशीपोटी की पडदा फाटल्याने, हे कळलं नाही. पडदा फाटलेल्या म्हशीतही ठोके मंद असतात. ही चाचणी निर्णय बदलू शकत नव्हती, असं माझं मत आजही आहे.

निर्णय बदलला तो दोन साध्या गोष्टींनी. एक, कोटीपोटातल्या द्रवातलं क्लोराइड. चौथं पोट तुंबलं की त्यातलं आम्ल उलटं कोटीपोटात येतं आणि क्लोराइड चढतं. निरोगी जनावरात ते लिटरला ३० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली असतं. इथे २२ आलं. म्हणजे चौथं पोट आणि त्याचं पुढचं तोंड चालू होतं, अडथळा पुढच्या बाजूला, जाळीपोट आणि पडदेपोटाच्या दरम्यान होता. अशा जनावरांचं भवितव्य चौथं पोट तुंबलेल्यांपेक्षा बरं असतं.

दोन, सोनोग्राफी. कोपराच्या मागे, सहाव्या-सातव्या बरगडीच्या मधून पाहिलं तर जाळीपोट आपल्या जागी होतं. पुढे, छातीत, त्याचा मागमूस नव्हता. पडद्याची शंका तिथेच मावळली. नेहमी अर्धचंद्रासारखी दिसणारी त्याची कड एका बाजूला सपाट झाली होती आणि आतल्या भिंतीला चिकटून जाड कवचाचा, आत पातळ पदार्थ असलेला एक गोळा दिसत होता. गळू. मिनिटाला एकदा दुहेरी आकसणारं जाळीपोट जेमतेम थरथरत होतं. मात्र थरथरत होतं.

घरच्यांशी पुन्हा बोललो. चेता जिवंत असण्याची शक्यता आहे, खात्री नाही. गळू मोकळं झालं तर भिंत सुटू शकते. आत गेल्यावर खोडाचीच हानी दिसली तर तिथेच थांबू. मुलाने आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, “उघडा.”

शस्त्रक्रियेतले निर्णय

म्हैस उभी ठेवून, कण्याच्या बाजूने भूल देऊन डावी भकाळी उघडली. या भुलीने कातडी आणि स्नायू बधिर होतात. कोटीपोटाला कापल्याचं दुःख फारसं नसतं, ओढल्याचं मात्र असतं. माणसाचंही असंच: आतड्याला चिमटा काढलेला कळत नाही, ताण दिलेला कळतो. दोन्हीकडे ही वेदना व्हेगसने नाही, मुख्यतः अनुकंपी (सिंपथेटिक) चेतांबरोबर मणक्याकडे जाते. म्हणून हात आत असताना ओढाताण टाळणं हीच अर्धी भूल.

चारा उपसून हात जाळीपोटात गेला. बोटभर लांबीची बांधणीची तार आतल्या भिंतीत अर्धी रुतलेली होती, ती काढली. आणखी दोन खिळे तळाच्या जाळीत पडलेले मिळाले. आता पहिला निर्णय. पडदेपोटाकडे जाणारं तोंड बोटांनी चाचपलं. चेता पूर्ण गेली असेल तर ते ढिलं, निर्जीव लागतं. इथे त्याने बोटांभोवती पकड धरली, सावकाश, पण धरली. काम पुढे न्यायचं ठरलं.

दुसरा निर्णय अधिक अवघड होता. चिकटलेले पदर बाहेरून सोडवायचे का? हात शिवशिवतो, कारण अडथळा हाताखाली लागत असतो. पण तेच पदर गळूला बाकी पोटापासून वेगळं ठेवत असतात. ते सोडवले तर पू पसरतो, आणि ज्या फांद्या वाचवायच्या त्याच तुटण्याची भीती. आम्ही पदर तसेच ठेवले. गळू जिथे जाळीपोटाच्या भिंतीला घट्ट चिकटलं होतं, नेमकं तिथेच आतून छेद दिला आणि पू जाळीपोटात उतरू दिला. तिथून तो पचनमार्गाने निघून जातो. शेवटी पुढे लोखंड पोटात गेलं तर धरून ठेवायला जाळीपोटात चुंबक सोडला आणि कोटीपोट शिवलं.

परिणाम

पहिले काही दिवस निराशेचे गेले. पोट फुगलं नाही, पण रवंथही नव्हतं. शेजारच्या गोठ्यातल्या निरोगी म्हशीच्या कोटीपोटातला द्रव नळीने काढून हिला पाजला. त्यातले सूक्ष्मजीव नवा संसार मांडतात. शिरेतून द्रव, प्रतिजैविकं, आणि थोडं थोडं मऊ हिरवं गवत. आठवडा उलटल्यावर मुलाचा फोन आला की पहाटे म्हैस बसून रवंथ करत होती. नंतरच्या सोनोग्राफीत जाळीपोटाची दुहेरी आकुंचनं मोजता आली. कड मात्र पूर्ण गोल झाली नाही.

त्या वेतात दूध सात लिटरच्या वर गेलं नाही. दोनदा किरकोळ फुगली, दोन्ही वेळा ओली मका भरपूर खाल्ल्यावर. पुढे ती गाभण राहिली आणि व्यायली. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय पुढे दाबतं तेव्हा अशी जनावरं पुन्हा बिघडू शकतात, म्हणून त्या काळात वैरण वाटून, दिवसातून चार-पाचदा दिली गेली. आबांची स्वतःची जेवायची पद्धत म्हशीला लागू झाली, असं मुलगा म्हणतो.

बरी नेमकी कशाने झाली? गळूचा दाब गेला, भिंत थोडी सुटली, दाह ओसरल्यावर चेतेच्या फांद्याही सावरल्या असतील. यातलं कशाचं किती, हे जिवंत जनावरात वेगळं काढता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या फुगण्यानंतर नळी घालणं योग्यच होतं. दुसऱ्यांदा फुगल्यावर मात्र प्रश्न बदलायला हवा होता. वायू सुटा आहे, पुन्हा पुन्हा होतोय, आवारात बांधकाम झालंय: या तीन गोष्टी एकत्र आल्या की तार गृहीत धरून चालावं. तेव्हाच तोंडावाटे चुंबक दिला असता तर रुतलेली तार कदाचित निघाली नसती, पण सैल खिळे तरी धरले गेले असते. मधे गेलेल्या आठवड्यांत गळूचं कवच जाड झालं.

माणसाचं औषध म्हशीला देण्यात तत्त्वतः चूक नाही; अर्धी पशुवैद्यकी त्यावरच चालते. पण जठर हलवणारं औषध देण्याआधी विचारायचं ते हे: हे औषध कुठल्या कप्प्यावर काम करतं, आणि त्या कप्प्याला हालचालीचा हुकूम कुठून येतो? चौथ्या पोटासाठी माणसाचा दाखला बराचसा चालतो. कोटीपोट आणि जाळीपोटासाठी तो जवळपास चालत नाही. घोडा, डुक्कर, कुत्रा ही एका कप्प्याच्या पोटाची जनावरं असल्याने तिथला हिशेब पुन्हा वेगळा.

अॅट्रोपीनच्या चाचणीबाबत आमच्यात अजून एकमत नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, ठोके वाढले नसते तर हृदयाच्याच दोषाची शंका आधी घेतली असती. त्यात तथ्य आहे. पण सोनोग्राफी हाताशी असेल तर तेच प्रश्न ती पोट न थांबवता सोडवते. जिथे सोनोग्राफी नाही तिथे कोटीपोटातल्या द्रवाचं क्लोराइड तपासणं माझ्या मते जास्त कामाचं. नळी तर घालतोच आपण. वायूबरोबर आलेला कपभर द्रव बाटलीत भरून तालुक्याच्या लॅबला पाठवायचा, एवढंच जादा काम. त्या एका आकड्याने पुढचा आणि मागचा अडथळा वेगळा होतो, आणि विकायचं की उघडायचं या निर्णयाला आधार मिळतो.

गोठ्यात आता कडबाकुट्टीच्या तोंडाशी चुंबकाची पट्टी बसवली आहे. उरलेल्या चार म्हशींना आणि दोन्ही गाईंना चुंबक दिले आहेत.